दीड वर्षाच्या गोळ्या

आधी मावशींचं सांगतो. त्या माझ्या सख्ख्या मावशी नव्हेत. सांगलीत हळदीच्या पेठेमागच्या बोळात त्यांची खानावळ होती आणि आम्ही सगळे जेवणारे त्यांना मावशीच म्हणायचो. मूळच्या आटपाडीकडच्या. नवरा गेल्यावर दुष्काळात रस्त्याच्या कामावर खडी फोडली, मग एक दिवस उठून सांगलीला आल्या आणि दोन चुली मांडल्या. अक्षरओळख नव्हती. मी सहावीत शाळा सोडलेला, म्हणजे त्या हिशेबानं त्यांच्यापुढं विद्वानच. पण मी आज हे लिहायला शिल्लक आहे ते त्यांच्यामुळं. डॉक्टरांचे उपकार आहेतच. तरी डॉक्टरांपुढं मला नेऊन बसवलं ते मावशींनी, आणि मला जे विचारायचं धाडस नव्हतं ते विचारलं तेही त्यांनीच.

माझं गाव खंडाळ्याच्या अंगाला, डोंगराच्या पोटाशी. गाव कसलं, वाडीच. घर घळीच्या ह्या बाजूला, शेत त्या बाजूला. उतरून चढायला अर्धा तास लागायचा, म्हणून आमच्यात निरोप पायांनी जात नसत, हाळीनं जात. भाकरी झाली, पाव्हणं आलं, गाय सुटली, सगळं ह्या कड्यावरून त्या कड्यावर ओरडून सांगायचं. कुठली हाळी कुणाची हे शेंबड्या पोरालाही कळे. माझी हाळी वाडीत सगळ्यांत लांब जायची. दुसरं काही माझ्याजवळ नव्हतं. वडील लवकर गेले, थोरला भाऊ फौजेत, आणि मला पंधराव्या वर्षी एका नातेवाइकानं सांगलीला हळदीच्या अडतीवर आणून सोडलं.

सांगली वाईट नव्हती. पण ती सपाट. सात वर्षांत मी तिथं एकदाही मोठ्यानं ओरडलो नाही. ओरडायला समोर डोंगर तर पाहिजे. संध्याकाळी वखारीच्या पायरीवर बसलो की वाटायचं, आत्ता आई कड्यावर येऊन उभी राहिली असेल, आणि पलीकडून कुणी ओ देत नसेल.

त्या वर्षी मात्र ठरलं होतं. आईनं कळवलं होतं की भाऊ काही इतक्यात फौज सोडत नाही, शेत पडीक पडतंय, तू आखितीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, कायमचा ये. मी अडतीच्या मालकांना सांगूनही ठेवलं होतं. अन् त्याच हंगामात माझे हात थरथरायला लागले.

आमच्या पेठेत तेव्हा हळदीचा भाव तोंडानं बोलत नसत. अडत्या आणि खरेदीदार पंचाखाली एकमेकांचा हात धरत. किती बोटं धरली, कुठं दाबलं, त्यावरून भाव कळायचा. अडत्यानं उलट बोट दाबलं की त्याचा अर्थ, दुसऱ्याचा भाव वर आहे, अजून चढ. मालकांचं वय झालेलं, म्हणून गेली दोन वर्षं पंचाखाली माझा हात असायचा. त्या दिवशी एका खरेदीदारानं माझी बोटं धरली. मी हात नुसता ठेवला होता, पण बोटं आपली आपण हलत होती. तो चढला. बोटं पुन्हा हलली. तो आणखी चढला. असं तीन-चारदा झाल्यावर त्यानं पंचा झटकून टाकला.

"शेठ, ह्ये तुमचं पोरगं चावट हाय," तो मालकांना म्हणाला. "मागं कोन न्हाई, आन् मला एकट्यालाच दाबून दाबून वर चढवतंय."

"मी नाय दाबलं," मी म्हणालो.

"मग कुनी दाबलं, पंचानं?"

ज्याची हळद होती तो शेतकरी मात्र खूश. "ऱ्हाऊ द्या की," म्हणाला, "हात लय गुणाचा हाय पोराचा." सगळे हसले. मालक हसले नाहीत. त्यांनी मला आत नेलं, तोंडाचा वास घेतला. प्यालेला नाही हे कळल्यावर म्हणाले, "हात बसला की पंचाखाली ये. तवर हळकुंडं निवडत बस." मी बायकांच्यात बसून हळकुंडं आणि गड्डे वेगळे करायला लागलो. लाजेनं मान वर होत नव्हती, आणि छाती तर अशी धडधडायची की शेजारणीला ऐकू जाईल असं वाटायचं.

खानावळीत वेगळाच तमाशा. मी आठ-आठ, नऊ-नऊ भाकरी खात होतो आणि सदरा दिवसेंदिवस ढगळ होत होता.

"मावशी, ह्याला ताट नगं, पाटीच द्या," एक हमाल म्हणायचा.

"गड्या, जातंय कुठं रं एवढं? मागल्या दारानं गावाकडं धाडतुयास व्हय?" दुसरा विचारायचा.

मावशी वाढत राहायच्या. एकदा सगळे उठून गेल्यावर त्यांनी मला थांबवलं. माझी मनगटं दोन बोटांत धरून बघितली, मग डोळ्यांकडं बघत राहिल्या.

"डोळं का असं वटारल्यागत झाल्यात रं?"

"झोप न्हाई मावशी."

"आन् एवढं खातुयास त्ये?"

"भूक लागती."

"ही भूक न्हवं," त्या म्हणाल्या. "भूक मी बगितलीया. भुकेला मानूस खाऊन निजतंय. तू खाऊन घामाघूम हुतुयास. उद्या मिरजंला जायाचं."

मी आखितीचं सांगितलं, गावाला गेलो की हवापाण्यानं बरा होईन म्हणालो. "आखितीला अजून पंधरा दिस हायीत," त्या म्हणाल्या. "उद्या मिरजंला."

मिरजेच्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांनी मला हात पुढं करायला सांगितले आणि बोटांवर एक कोरा कागद ठेवला. कागद सळसळायला लागला. गळ्यावर हात फिरवला, नाडी मोजली, रक्त घेतलं. दोन खेपांनंतर सांगितलं की गळ्यात थायरॉइड नावाची ग्रंथी असते, ती माझ्यात गरजेपेक्षा जास्त काम करते आहे. मावशींनी लगेच मान हलवली. "जाळ मोठा झालाय," त्या म्हणाल्या. "घालंल तेवढं जळतंय."

डॉक्टर हसले. "अगदी तसंच. आता जाळ कमी करायचे रस्ते तीन आहेत."

पहिला गोळ्यांचा. दिवसातून तीनदा, दीड वर्ष. दर महिन्याला तपासणी. बरं वाटलं तरी सोडायच्या नाहीत, आणि दीड वर्षानंतर दुखणं परत येणारच नाही असंही नाही. दुसरा ऑपरेशनचा. दोन-अडीच महिने गोळ्यांनी ग्रंथी शांत करायची आणि मग गळ्यातून तिचा बराचसा भाग काढून टाकायचा. बहुतेकांचं तेवढ्यावर निभावतं. पण आवाजाची नस तिथूनच जाते, क्वचित तिला धक्का बसतो. तिसरा रस्ता मुंबईला. तिथं एक किरणांचं औषध पाजतात.

"प्याल्यानं बरं हुतंय, तर चिरायचं कशाला?" मावशींनी विचारलं.

"ते तरुण माणसाला आम्ही शक्यतो सांगत नाही, मावशी. त्यानं पुढं ग्रंथी पारच विझू शकते, मग जन्मभर वेगळी गोळी. आणि आणखी काय होतं ते अजून पुरतं माहीत नाही."

म्हणजे उरले दोन. मी मनात भराभर गणित मांडलं. ऑपरेशन केलं तर दसऱ्याच्या आत गावी. गोळ्या घेतल्या तर दीड वर्ष सांगली. मग मला मधली वाट सुचली, आणि मी भीतभीत म्हणालो, "गोळ्या घेऊन गावाला गेलो तर?"

डॉक्टर काही बोलायच्या आत मावशींनीच विचारलं, "ह्या गोळ्यांनी वंगाळ काय हुतंय का, त्ये आधी सांगा."

"फार थोड्यांना होतं. पण होतं. घसा दुखला आणि ताप आला, तर गोळी बंद करून त्याच दिवशी इथं यायचं. रक्त तपासावं लागतं. उशीर झाला तर जिवावर बेततं."

मावशी माझ्याकडं वळल्या. "तुज्या घरापास्नं यष्टी कुठवर येती?"

"खाली फाट्यापर्यंत."

"फाटा किती लांब?"

"दीड तास. पावसात ओढा आला तर..."

"तर?"

"तर दुसऱ्या दिवशी."

"झालं तर मग," त्या म्हणाल्या. "गोळ्या खायच्या तर हितं राहून खायच्या. गावाला जायाचं तर सुरी. आता तुजं तू बग." एवढं बोलून त्यांनी पदराला हात पुसले, जणू भाजी निवडून झाली.

तुजं तू बग म्हणणं सोपं. माझ्या आयुष्यात तोवर कुणी मला काही निवडायला सांगितलंच नव्हतं. शाळा सुटली तीही आपोआप, सांगलीला आलो तोही कुणाच्या तरी मागं. परतीच्या यष्टीत मी खिडकीशी बसून गळ्याला हात लावत होतो. गावाला जायची एवढी ओढ होती की वाटायचं, उद्या चिरा, आत्ता चिरा. आणि लगेच दिसायचं, मी कड्यावर उभा आहे, पलीकडं आई आहे, मी तोंड उघडतोय आणि घळीत काहीच जात नाहीये. तसा मी घरी जाऊन काय उपयोग?

मावशींना मी हे सांगितलं. वाटलं, त्या म्हणतील, येडा का काय, जीव महत्त्वाचा का आवाज. पण तसं म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, "आईला लिव. तिला इचारू नगंस, नुसतं लिव. लिवता लिवता तुजं तुलाच कळंल."

तसंच झालं. पोस्टकार्डावर ऑपरेशनचं लिहायला हात धजला नाही, गोळ्यांचं लिहिलं. दीड वर्ष लागेल, त्यानंतर कायमचा येतो, असं लिहून टाकलं. उत्तर आलं ते शाळेच्या मास्तरांच्या अक्षरात. सर्व क्षेम, प्रकृतीस जपावे, वगैरे. शेवटची एक ओळ तेवढी मास्तरांनी आईच्या तोंडची जशीच्या तशी ठेवली होती. "घाई करू नगंस, वाटंकडं बगायची मला सवय हाय." ती ओळ मी कितीदा वाचली असेल. अजूनही ते कार्ड माझ्याजवळ आहे, शाई उडाली आहे.

आखिती गेली. मावशी माझ्या ताटात लिंबाच्या फोडीशेजारी गोळी ठेवायच्या. सकाळी चहाच्या बशीत, दुपारी ताटात, रात्री ताटात. घड्याळ त्यांना कळत नव्हतं, पण गोळी एकदाही चुकली नाही. महिन्याभरात भाकऱ्या चारवर आल्या. हात बसत आला. मालकांनी एकदा माझ्या बोटांवर हळकुंड ठेवून बघितलं, ते पडलं नाही, तेव्हा म्हणाले, "ये आता पंचाखाली." मिरजेला डॉक्टर खूश होते. मी भिंतीवर कोळशानं महिने खुणवायला लागलो. दोन खुणा झाल्या होत्या.

श्रावणाच्या तोंडावर घसा धरला. आता हळदीच्या पेठेत कुणाचा घसा धरलेला नसतो? वखारीत पोती आपटली की पिवळा धुरळा उडतो, तो नाकातोंडात जातो. सगळे बारा महिने खाकरत असतात, मीठ-हळदीच्या पाण्यानं गुळण्या करतात आणि परत पोत्याला हात घालतात. मीही तेच केलं. डॉक्टरांचं बोलणं आठवत नव्हतं असं नाही. पण डॉक्टर म्हणाले तो घसा वेगळा असणार, हा तर आपला नेहमीचा, असं मी धरून चाललो. दुसऱ्या दिवशी अंग कसकसलं. पावसात भिजलोय म्हटलं. तिसऱ्या दिवशी दुपारी ताटावर बसलो आणि घास खाली उतरेना. कुणाला कळू नये म्हणून भाकरी कुस्करून आमटीत बुडवून ठेवली. लिंबाशेजारची गोळी उचलून तोंडात टाकणार, तेवढ्यात मावशींनी वरून हात धरला.

"घसा दुखतुय?"

"हळदीचा हाय मावशी."

त्यांनी कपाळाला पालथा हात लावला. "आन् ह्यो ताप कशाचा?"

"आवं, पेठेत कुनाचा घसा दुखत न्हाई?"

"दुसऱ्यांचा घसा ह्या गोळ्या खात न्हाई," त्या म्हणाल्या. "ऊठ."

चुलीवर तवा होता, परातीत पीठ मळलेलं होतं. त्यांनी चुलीत पाणी ओतलं. दारात हमाल येऊन उभे होते. "मावशी, जेवान?" "आज न्हाई," एवढंच म्हणून त्यांनी दाराला कडी घातली. खानावळ सुरू झाल्यापासून ती कडी भर दुपारी कधी पडली नव्हती.

मिरजेला रक्त तपासल्यावर डॉक्टरांचा चेहरा बदलला. रक्तातल्या पांढऱ्या पेशी जवळजवळ संपल्या होत्या. मला एका वेगळ्या खोलीत ठेवलं, कुणाला आत सोडत नव्हते. सकाळ-संध्याकाळ सुया. मधले काही दिवस मला आठवत नाहीत. एवढं आठवतं की दाराच्या काचेपलीकडं एक चेहरा यायचा आणि मला वाटायचं ती आई आहे, कड्यावर आलीय, ओ द्यायला पाहिजे. घशातून काही निघायचं नाही. शुद्धीवर आल्यावर कळलं, त्या मावशी होत्या. सकाळचं जेवण उरकून रोज यायच्या.

पेशी परत भरल्या. डॉक्टर म्हणाले, आणखी एक-दोन दिवस गोळ्या पोटात गेल्या असत्या तर सांगता येत नव्हतं. आणि त्या गोळ्या मला पुन्हा कधीच घेता येणार नव्हत्या. दुखणं मात्र तिथंच होतं, पुन्हा हात थरथरायला लागले होते. आता सुरीशिवाय रस्ता नव्हता. जे टाळायला मी दीड वर्ष घरापासून लांब राहायचं ठरवलं होतं, तेच समोर येऊन उभं राहिलं.

मावशींनी सर्जनांना विचारलं, "आवाज ऱ्हाईल का ह्येचा?"

"काळजी घेऊ," ते म्हणाले. "वचन देत नाही."

"खरं बोलला, लय बरं झालं," मावशी म्हणाल्या.

छाती शांत ठेवायची वेगळी औषधं दिली, दहा दिवस दुधातून आयोडिनचे थेंब दिले, आणि मग ऑपरेशन झालं. जाग आल्यावर नर्सनं सांगितलं, काहीतरी बोला. "मावशी," म्हणालो. आवाज निघाला. कागद फाटल्यासारखा, पण निघाला. दारातून मावशी म्हणाल्या, "हाय हाय, हितंच हाय, आता गप पड."

दिवाळीला मी गावाला गेलो. फाट्यावरून चढून कड्यावर आलो तेव्हा आई पलीकडं शेतात गवत कापत होती. मी हाळी दिली. ती घळीत अर्ध्यावरच बसली. पुन्हा दिली. आईनं मान वर केली नाही. मग मी ट्रंक तिथंच ठेवली आणि घळ उतरून, चढून तिच्यापर्यंत चालत गेलो. तिनं माझ्या गळ्यावरची रेघ बघितली, तिच्यावरून बोट फिरवलं. "आलास व्हय," म्हणाली. "मला ऐकू कमी येतंय आताशा." तिला चांगलं ऐकू येत होतं. माझ्या समाधानासाठी म्हणाली.

गवत कापत होती ते चुलत्याच्या वाट्याचं. दीड वर्ष येत नाही असं मीच लिहिलं होतं, म्हणून तिनं शेत दोन वर्षांच्या बोलीवर चुलत्याला करायला दिलं होतं. बोली मोडायची नाही म्हणाली, आणि मीही मोड म्हणालो नाही. आठ दिवस राहून सांगलीला परत आलो. दोन वर्षं संपायच्या आधी भाऊच फौजेतून सुटून आला, त्याचं कुटुंब आलं. मला कुणी येऊ नको म्हटलं नाही. पण मग जायला निमित्तही राहिलं नाही. आई गेली तेव्हा मी इरोडला होतो. मालकांच्या मुलानं हळदीच्या खरेदीसाठी मला इकडं तमिळ मुलखात पाठवलं होतं, आणि मी इथंच राहिलो. इथंही हळदच आहे, आणि इथंही सपाटच आहे. कधी कधी मनात येतं, पहिल्याच वेळी सुरी निवडली असती तर? आवाज कदाचित असाच झाला असता, पण आखितीला नाही तरी दसऱ्याला मी घरी असतो. मावशींना एकदा विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "त्या वक्ताला जेवढं ठावं हुतं तेवढ्यावर ठरवलंस. आता जेव."

मावशी आता सत्तरीला आल्या आहेत. खानावळ बंद केली, आटपाडीला पुतण्याजवळ असतात. परवा पुतण्याचं पत्र आलं. मावशींच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, डॉक्टर ऑपरेशन करा म्हणतात, पण त्या नुसतं "बगू" म्हणतात आणि उठून जातात. रागावलं तर म्हणतात, "चुलीवरला तवा दिसतुय, तेवढं बास."

पत्र वाचून मी दोन दिवस अस्वस्थ आहे. मावशी घाबरल्या आहेत, हे त्या पुतण्याला कसं कळावं? त्यांच्या शेजारी बसून विचारणारं कुणी नाही. इथं हंगाम चालू आहे, लगेच निघता येत नाही. पण मावशी, तुम्हाला हे कुणी वाचून दाखवलं तर ऐका. हंगाम सरला की मी येतो. तुम्हाला मिरजेला नेतो, बाकावर तुमच्याजवळ बसतो. चांगलं काय, वाईट काय, कधी, कुठं, किती दिवस, सगळं डॉक्टरांना मी विचारतो. ठरवायचं तुमचं तुम्हीच. जे ठरवाल ते होऊन तुम्हाला नीट दिसायला लागेपर्यंत मी तिथून हलणार नाही. तुमचं ऋण त्यानं फिटेल असं नाही, पण तेवढं तरी मला एकदा करू द्या.